स्वस्त नौका, महाग किनारा

परदेशातील जुन्या विहारनौका कमी किमतीत मिळतात, हे खरे. पण सीमाशुल्क, परवाने, पावसाळा आणि उपनगरांतील धक्क्यांची वानवा यांचा हिशेब मांडला की या स्वस्ताईतून हाती फारसे काही उरत नाही.

प्रतिनिधी, मुंबई

दुबई, फुकेत किंवा भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या बंदरात दहा-पंधरा वर्षे वापरलेली शिडाची किंवा इंजिनावर चालणारी विहारनौका नव्या नौकेच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकते. मोटारीप्रमाणेच नौकेचीही किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते आणि ज्या देशांत नौकाविहार हा मध्यमवर्गाचाही छंद आहे, तेथे विकाऊ नौकांची संख्या मोठी असते. साहजिकच अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील एखाद्या हौशी उद्योजकाला किंवा खर्च वाटून घेऊ पाहणाऱ्या चार-पाच मित्रांच्या गटाला ही जाहिरात मोहात पाडते. येथे नवी नौका बांधून घेण्यापेक्षा बाहेरची जुनी आणली तर निम्मे पैसे वाचतील, असे हे साधे गणित असते. मात्र त्यात जाहिरातीतील किमतीपुढचे आकडे धरलेले नसतात. व्यवहार फसतो तो बहुधा त्याच आकड्यांमुळे, आणि तो फसला की बुडते ती केवळ हौस नव्हे, तर आयुष्यभराची बचत.

हा विषय मूठभर श्रीमंतांचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. देशाच्या आर्थिक राजधानीला तिन्ही बाजूंनी पाणी आहे. तरीही या शहरातील सामान्य माणसाचा समुद्राशी संबंध चौपाटीवरच्या फेरफटक्यापलीकडे जात नाही. तो का जात नाही, याचे उत्तर जुन्या नौकेच्या आयातीच्या प्रवासात बऱ्याच अंशी सापडते.

‘तृष्णा’चा धडा

परदेशातून जुनी नौका आणून पैसे वाचविण्याचा मार्ग चोखाळून मोठा पराक्रम केल्याचे उदाहरण मुंबईच्याच किनाऱ्याशी जोडलेले आहे. भारतीय लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनीअर्समधील अधिकाऱ्यांनी १९८० च्या दशकात शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचे ठरविले, तेव्हा देशात अशी नौका बांधण्याची सोय नव्हती आणि नव्या परदेशी नौकेइतका पैसाही हाताशी नव्हता. त्यांनी इंग्लंडमध्ये ३७ फुटी जुनी नौका खरेदी केली, तिला ‘तृष्णा’ हे नाव दिले आणि ती स्वतःच हाकत मुंबईला आणली. २८ सप्टेंबर १९८५ रोजी मुंबईहून निघालेली ही नौका जगाला वळसा घालून १० जानेवारी १९८७ रोजी मुंबईत परतली. शिडाच्या नौकेतून भारतीयांनी केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होती.

‘तृष्णा’चे यश जुन्या नौकेच्या बाजूने सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. चांगल्या बांधणीची नौका नीट राखली तर वयाने ती निकामी होत नाही. परंतु या मोहिमेमागे एका संपूर्ण लष्करी दलाचे पाठबळ होते. दुरुस्ती करणारे हात, प्रशिक्षित दर्यावर्दी, सरकारी परवानग्या आणि नौका ठेवण्याची जागा या चारही गोष्टी तिला उपलब्ध होत्या. खासगी खरेदीदाराकडे नेमक्या याच चार गोष्टी नसतात.

पुढच्या पिढीने वेगळी वाट धरली. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. ज्या ‘म्हादेई’ नौकेतून त्यांनी ती केली, ती गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली होती. आराखडा डच, बांधणी गोमंतकीय, असा तो मेळ होता. याच कारखान्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांच्या चमूने २०१७-१८ मध्ये जगाची फेरी पूर्ण केली. पंचवीस वर्षांपूर्वी परदेशी जुन्या नौकेला पर्याय नव्हता. आता तो आहे. आयातीचा विचार करताना हा बदल ध्यानात घ्यावा लागतो.

शंभराचे एकशे अठ्ठ्याहत्तर

आता हिशेबाकडे वळू. सीमाशुल्काच्या वर्गवारीत विहारनौका व क्रीडानौका ८९०३ या शीर्षकाखाली येतात. २०२५ च्या अर्थसंकल्पापर्यंत त्यांवर २५ टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार होता. त्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क २० टक्क्यांवर आणले गेले, पण त्याच वेळी साडेसात टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर बसविण्यात आला आणि अधिभार काढला गेला. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले; एकूण बोजा पूर्वीइतकाच, म्हणजे साडेसत्तावीस टक्के राहिला.

खरा बदल झाला तो वस्तू व सेवा करात. २०१७ पासून विहारनौकांवर २८ टक्के कर आणि ३ टक्के भरपाई उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या रचनेत दैनंदिन वापराच्या अनेक वस्तू स्वस्त झाल्या, विहारनौका मात्र ४० टक्क्यांच्या विशेष दरात गेल्या. आयातीच्या वेळी हा कर केवळ वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर किंमत अधिक सीमाशुल्क या बेरजेवर आकारला जातो. म्हणजे शंभर रुपयांच्या नौकेवर आधी साडेसत्तावीस रुपये चढतात आणि मग एकशे साडेसत्तावीस रुपयांवर ४० टक्क्यांप्रमाणे आणखी ५१ रुपये. शंभराची नौका १७८ रुपये ५० पैशांना पडते.

उदाहरणादाखल, परदेशात ४० लाख रुपयांना मिळालेली जुनी नौका घेतली आणि ती मुंबईपर्यंत आणण्याची वाहतूक व विमा मिळून आठ लाख रुपये धरले, तर शुल्क आकारणी ४८ लाखांवर होईल. त्यावर सीमाशुल्क व उपकर १३ लाख २० हजार, त्यानंतर एकात्मिक वस्तू व सेवा कर २४ लाख ४८ हजार. एकूण कर ३७ लाख ६८ हजार आणि बंदरात उतरलेली किंमत ८५ लाख ६८ हजार. २०२५ च्या सप्टेंबरपूर्वी याच नौकेवर सुमारे ३२ लाख १७ हजारांचा कर बसला असता. म्हणजे नव्या दराने साडेपाच लाखांची भर घातली. येथेच बांधलेली नवी नौका ६० लाखांना मिळत असेल, तर ४० टक्के कर भरून ती ८४ लाखांना पडते. जुनी परदेशी नौका नव्या देशी नौकेपेक्षा महाग ठरण्याची शक्यता यातून स्पष्ट होते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच.

काही खरेदीदार येथे आणखी एक चूक करतात. विक्रेत्याशी संगनमत करून बिलावर किंमत कमी दाखवायची, हा तो ‘सल्ला’. सीमाशुल्क मूल्यांकनाच्या २००७ च्या नियमांनुसार जाहीर केलेल्या किमतीविषयी वाजवी शंका असल्यास अधिकारी ती नाकारू शकतात आणि तुलनात्मक व्यवहारांवरून नवी किंमत ठरवू शकतात. जुन्या मालाच्या बाबतीत सनदी अभियंत्याचा मूल्यांकन दाखलाही मागितला जातो. वाहतुकीचा खर्च सिद्ध करता आला नाही, तर मालाच्या मूळ किमतीच्या २० टक्के रक्कम वाहतूक खर्च म्हणून धरली जाते. किंमत लपविल्याचे उघड झाले तर नौका जप्त होऊ शकते आणि ती सोडविण्यासाठी कराव्यतिरिक्त दंड भरावा लागतो. नौकेसारखी ठळक वस्तू जगभरच्या विक्री-जाहिरातींत छायाचित्र व किमतीसह झळकलेली असते. तिची किंमत लपविणे सोपे नाही.

परवान्याचा खडक

कराची तरतूद केली म्हणजे वाट मोकळी झाली, असेही नाही. परदेश व्यापार धोरण २०२३ नुसार जुन्या वस्तूंचे दोन गट पडतात. उत्पादन किंवा सेवा देण्यासाठी वापरावयाच्या यंत्रसामग्रीला भांडवली वस्तू म्हटले जाते आणि तिची जुनी आयात बऱ्याच अंशी खुली आहे. भांडवली नसलेल्या जुन्या वस्तूंची आयात मात्र ‘निर्बंधित’ आहे. तिला परदेश व्यापार महासंचालनालयाची आगाऊ अनुमती लागते. स्वतःच्या रविवारच्या सहलीसाठी आणलेली नौका भांडवली वस्तूच्या व्याख्येत बसविणे कठीण आहे. अनुमती न घेता नौका बंदरात आली तर ती सीमाशुल्क कायदा, १९६२ नुसार जप्तीस पात्र ठरते. मालकाला बंदरातील भाडे भरत, सुनावणीच्या तारखा मोजत बसावे लागते.

नौका भाड्याने देण्याचा व्यवसाय दाखविला तर ती भांडवली वस्तू ठरू शकते. पण मग ती खासगी हौस राहत नाही. प्रवासी वाहून नेणाऱ्या नौकेची तपासणी, प्रवासी क्षमता, जीवरक्षक साधने, प्रशिक्षित तांडेल व इंजिनचालक, विमा या सगळ्यांची पूर्तता करावी लागते. १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून १५ जणांचा बळी गेला. त्यानंतर प्रवासी नौकांवरील जीवरक्षक जॅकेटचा आणि क्षमतेचा प्रश्न ऐरणीवर आला. या पार्श्वभूमीवर व्यवसायाचा परवाना केवळ कागदावर घ्यायचा आणि नौका मित्रांसाठी वापरायची, ही पळवाट कायद्याच्या दृष्टीने धोक्याची आहेच. माणसांच्या जिवाच्या दृष्टीने तर ती अक्षम्य आहे.

नोंदणीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. महाराष्ट्रातील लहान बंदरांचा कारभार १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. मुंबईचे मुख्य बंदर केंद्राच्या अखत्यारीतील मुंबई बंदर प्राधिकरणाकडे. खाडी व नद्यांतील नौकांसाठी अंतर्देशीय नौका कायदा, २०२१ आहे, तर समुद्रात जाणाऱ्या नौकांसाठी १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर केला. वर्सोव्याच्या खाडीतून निघून मांडव्याला जाणारी एक छोटी नौका अशा रीतीने एकाच दिवशी अनेक यंत्रणांच्या हद्दीतून जाते.

कर्ज नौकेसोबत येते

जमीन घेताना सात-बारा पाहण्याची सवय मराठी माणसाला आहे. नौकेच्या बाबतीत तीच सावधगिरी अधिक काटेकोरपणे बाळगावी लागते. सागरी कायद्याचे एक वैशिष्ट्य असे, की खलाशांचे थकीत वेतन, बचावकार्याचा मोबदला किंवा अपघाताची भरपाई अशा काही देण्यांचा बोजा मालकावर नव्हे, तर खुद्द नौकेवर असतो आणि मालक बदलला तरी तो सुटत नाही. भारतातही नौअधिकार क्षेत्र व सागरी दावे कायदा, २०१७ नुसार उच्च न्यायालय नौका अटकावून ठेवण्याचा आदेश देऊ शकते. म्हणूनच जुन्या नोंदणीतून नाव कमी केल्याचा दाखला, विक्रीखत आणि बोजा नसल्याचा पुरावा हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, हा पहिला नियम.

थकलेल्या देण्यांनी मोठमोठ्या नौका कशा अडकतात, याची उदाहरणे भारतीयांना अपरिचित नाहीत. विजय मल्ल्या यांची ‘इंडियन एम्प्रेस’ ही नौकाही जुनीच विकत घेतलेली होती. २००० मध्ये बांधलेली ही नौका २००६ मध्ये त्यांच्याकडे आली. खलाशांचे वेतन थकल्याने २०१८ मध्ये माल्टा येथे ती अटकावली गेली आणि न्यायालयाच्या आदेशाने तिची विक्री झाली.

मुंबईनेही जुन्या विहारजहाजांचे तीन प्रयोग पाहिले आहेत. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेले ‘आंग्रिया’ हे मुळात १९९७ मध्ये जपानमध्ये बांधलेले प्रवासी जहाज. कोविडच्या काळात त्याच्या फेऱ्या थांबल्या. २०१९ मध्ये मुंबईत आलेले ‘कर्णिका’ १९९० मध्ये इटलीत बांधलेले होते. देणी थकल्याने मार्च २०२० मध्ये ते मुंबईतच अटकावले गेले, लिलावात निघाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेले. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून सुरू झालेले ‘एम्प्रेस’ हे जहाजही १९९० चेच. पण त्याचा व्यवसाय उभा राहिला. ‘कर्णिका’ आणि ‘एम्प्रेस’ यांचे वय सारखे, नशीब वेगळे. यातून निघणारा निष्कर्ष लहान नौकेलाही लागू पडतो. खरेदीची किंमत कमी असणे हा नफा नव्हे. दर महिन्याचा खर्च पेलण्याची ऐपत आणि वाईट दिवसांसाठी राखून ठेवलेला पैसा यांवर नौका तरते.

आणायची कशी?

खरेदीनंतरचा पुढचा प्रश्न वाहतुकीचा. चाळीस फुटी कंटेनरची आतील रुंदी सुमारे २.३५ मीटर असते. लहान डिंगी किंवा अरुंद बोट त्यात बसते. पंचवीस फुटांपलीकडच्या बहुतेक नौका तिच्याहून रुंद असतात. मग उघड्या सांगाड्याचा कंटेनर किंवा मालवाहू जहाजाचा डेक हाच पर्याय उरतो आणि खर्च वाढतो. शिडाची डोलकाठी उतरवून वेगळी बांधावी लागते, न्हावा-शेवा येथे उतरविण्यासाठी क्रेन आणि पुढे पाण्यापर्यंत नेण्यासाठी ट्रेलर लागतो.

नौका स्वतःच्या बळावर आणणे स्वस्त वाटते. दुबई ते मुंबई हे अंतर सुमारे अकराशे सागरी मैल आहे. पण अनोळखी जुन्या नौकेची पहिलीच परीक्षा खुल्या अरबी समुद्रात घेणे शहाणपणाचे नाही. भूमध्य समुद्रातून यायचे तर सुवेझ आणि तांबडा समुद्र ओलांडावा लागतो आणि २०२३ च्या अखेरीपासून तेथे जहाजांवर झालेल्या हल्ल्यांनी हा मार्ग विमा कंपन्यांच्या लेखी महाग करून ठेवला.

या धोक्याचे प्रत्यंतर रायगड जिल्ह्याने १८ ऑगस्ट २०२२ रोजी घेतले. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ ‘लेडी हान’ नावाची सुमारे १६ मीटर लांबीची बेवारस विहारनौका सापडली. तिच्यावर तीन एके-४७ रायफली मिळाल्याने राज्यभर खळबळ उडाली. तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार ही परदेशी मालकीची नौका मस्कतहून युरोपकडे निघाली होती. २६ जून रोजी इंजिन बंद पडल्याने आतील मंडळींची एका कोरियन युद्धनौकेने सुटका केली आणि रिकामी नौका पावसाळी समुद्रात वाहत कोकणात आली. २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला समुद्रमार्गे आलेल्या दहशतवाद्यांनी केला होता. त्यानंतर या किनाऱ्यावर प्रत्येक अनोळखी नौकेकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. परदेशी ध्वजाची जुनी नौका घेऊन येणाऱ्याने तटरक्षक दल, सीमाशुल्क आणि सागरी पोलिसांना आगाऊ कळविणे ही म्हणूनच निव्वळ औपचारिकता राहत नाही.

उपनगरांत ठेवायची कोठे?

एवढे सगळे निभावले तरी उपनगरी मालकासमोरचा सर्वांत अवघड प्रश्न शेवटी येतो. नौका बांधायची कोठे? वर्सोवा, मढ, मार्वे, मनोरी आणि गोराई या पश्चिम उपनगरांच्या किनाऱ्यावर जेटी आहेत. पण त्या मासेमारी किंवा तरीच्या वाहतुकीसाठी. ओहोटीला खाडीचा बराचसा भाग गाळात उघडा पडतो. मुंबईत मोठ्या उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरच्या आसपास जातो. पाण्याखाली खोल कणा असलेली शिडाची नौका अशा खाडीत आडवी होते. समुद्रात बाहेर पडावे तर कोळी बांधवांची डोल जाळी पसरलेली असतात. नौकेच्या पंख्यात जाळे अडकले तर नुकसान दोघांचेही होते आणि कोळ्याचे नुकसान त्याच्या रोजीरोटीचे असते. आधीच अपुऱ्या असलेल्या जेटीवर विहारनौकांनी जागा मागितली तर त्याला कोळीवाड्यांचा विरोध होणार आणि तो रास्तही असेल.

पूर्व उपनगरांची स्थिती त्याहून बिकट आहे. मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्याला ठाणे खाडी आहे, पण तिच्याकडे जाणारा किनारा कांदळवनाने व्यापलेला आहे. २०१५ मध्ये खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांचा नाश रोखण्याचे आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा संरक्षित पट्टा राखण्याचे आदेश दिले. हे संरक्षण शहराच्या हिताचे आहे. त्याला धक्का लावून नौकांसाठी जागा करणे कोणालाही मान्य होणार नाही. शिवाय उंच डोलकाठीची नौका मुलुंडहून निघाली तरी ऐरोली आणि वाशीच्या स्थिर पुलांखालून ती मुख्य बंदरापर्यंत पोहोचणे अवघड.

परिणामी उपनगरातील मालकाची नौका गेट वे ऑफ इंडियासमोर, माझगावकडे किंवा थेट मांडव्याला ठेवावी लागते. बोरिवलीहून तेथे जाऊन येण्यातच रविवारचा निम्मा दिवस जातो. त्यात पावसाळ्याचे चार महिने नौका पाण्याबाहेर काढून ठेवावी लागते. क्रेनचे भाडे, जमिनीवरील जागेचे भाडे, राखणदार, तळ घासून नवा रंग, खाऱ्या हवेने गंजलेले नळ व तारा बदलणे हा दरवर्षीचा खर्च आहे. जुन्या नौकेत तो वाढत जातो. फायबरच्या तळात पाणी मुरून फोड येणे, इंजिनाचे सुटे भाग परदेशातून मागवावे लागणे, शिडाचे दोर व डोलकाठीच्या पोलादी तारा दहा-बारा वर्षांनी बदलणे, हे सगळे विक्रेत्याच्या जाहिरातीत नसते.

मुंबईत पुरेशा क्षमतेची मरिना नाही, ही उणीव जुनी आहे. मुंबई बंदरात ४२४ नौकांसाठी मरिना उभारण्याच्या ८८७ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला केंद्राने २०२५ मध्ये मान्यता दिली. तो पूर्ण झाला तर परिस्थिती सुधारेल. परंतु तोही शहराच्या दक्षिण टोकाला आहे. उपनगरांची गरज पंचतारांकित मरिनाची नाही. ट्रेलरवरून लहान नौका पाण्यात सोडता येईल असा साधा सार्वजनिक उतार, सुरक्षित वाहनतळ आणि माफक शुल्क एवढ्यावर शेकडो कुटुंबांची सोय होऊ शकते. कोळीवाड्यांच्या सहकारी संस्थांना त्याचे व्यवस्थापन दिले तर त्यांनाही उत्पन्नाचे साधन मिळेल.

बचत आहे, पण वेगळ्या ठिकाणी

मग हौशी माणसाने काय करावे? बचतीची जागा आहे, पण ती परदेशात नाही. ज्या जुन्या नौकांवर कर भरला गेला आहे आणि ज्यांची येथे नोंदणी झाली आहे, अशा नौका मुंबई आणि गोव्यात विक्रीला येतात. व्यवसाय म्हणून नव्हे, तर एका खासगी व्यक्तीने दुसरीला केलेल्या विक्रीवर वस्तू व सेवा कर लागत नाही. सीमाशुल्क, आयात अनुमती आणि सागरी वाहतूक हे तिन्ही खर्च पहिल्या मालकाने सोसलेले असतात. शिवाय नौका पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेअरकडून तपासता येते आणि समुद्रात चालवून पाहता येते. परदेशात केवळ छायाचित्रे पाहून बयाणा देणाऱ्याला हा लाभ मिळत नाही. पाच-सहा जणांनी मिळून नौका घ्यायची असेल, तर खर्चाची वाटणी, दिवसांची वाटणी आणि बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा यांचा लेखी करार आधीच व्हायला हवा.

सरकारकडूनही काही अपेक्षा रास्त ठरतात. कोट्यवधींची आलिशान नौका आणि शाळकरी मुलांना शीड शिकविणारी काही लाखांची क्रीडानौका यांना एकाच ४० टक्क्यांच्या तागडीत तोलण्यात न्याय नाही. लांबी आणि किमतीनुसार दर वेगळे ठेवता येतील. जुन्या नौकांच्या आयातीवर मोघम ‘निर्बंधित’ शिक्का मारण्यापेक्षा वय, तपासणी आणि प्रदूषणाचे स्पष्ट निकष ठरविले, तर प्रामाणिक खरेदीदाराला मार्ग मिळेल आणि पळवाटा बुजतील. त्याच वेळी, गोव्यातील एक छोटा कारखाना जगप्रदक्षिणेच्या नौका बांधू शकतो, हे सिद्ध झाले आहे. बाहेरचा जुना माल सरसकट स्वस्त करून या उद्योगाचा बळी देणे परवडणारे नाही.

कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा अभिमान बाळगणाऱ्या राज्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या उपनगरवासीयाला छोटी नौका पाण्यात सोडण्यासाठी साधा उतारही मिळू नये, ही विसंगती आहे. ती दूर होईपर्यंत परदेशातील स्वस्त नौकेची जाहिरात पाहणाऱ्याने किमतीच्या आकड्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा. ती बांधायला धक्का आहे का? त्याचे उत्तर ठामपणे ‘आहे’ असे येत नसेल, तर नौका कितीही स्वस्त असली तरी ती महागच पडेल.